बघायला पुष्कळ आहे, बसायचं कुठे?

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडमध्ये बघण्यासारखं आहे तरी काय, हा प्रश्न आपल्याकडे प्रश्न म्हणून विचारलाच जात नाही. तो निकाल असतो. पुण्याला नोकरीला लागलेला मुलगा सुटीत घरी येतो आणि दोन दिवसांत कंटाळून तो सुनावतो. पाहुण्यांना कुठे न्यावं या विवंचनेतले यजमान आधीच माफी मागितल्यासारखा तो बोलून टाकतात. निवडणुकीच्या सभेत त्याच निकालावर पुढचं वाक्य चढवलं जातं, की या भागात पर्यटनाचा एखादा मोठा प्रकल्प आणल्याशिवाय काही होणार नाही. ही दोन वाक्यं इतकी जोडीने फिरतात की एकावाचून दुसरं ऐकूच येत नाही. मला दोन्ही अमान्य आहेत. पहिलं वस्तुस्थितीला धरून नाही आणि दुसऱ्यात रोगाचं निदान चुकलं आहे.

पहिल्याचा निकाल लावायला फार लांब जावं लागत नाही. खुद्द मुखेडात दशरथेश्वराचं देऊळ आहे आणि तिथल्या नृत्यमुद्रेतल्या सप्तमातृका मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. गावातल्या किती जणांनी त्या थांबून पाहिल्या असतील, हा वेगळा विषय. शेजारच्या देगलूर तालुक्यात होट्टलचं सिद्धेश्वर मंदिर आहे, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. मराठवाड्यातल्या देवळांवर आणि मूर्तींवर आयुष्यभर काम केलेल्या गो. बं. देगलूरकरांचं आडनावच याच मुलखाचं आहे, यात काही योगायोग नसावा. कंधारला राष्ट्रकूटांची परंपरा सांगणारा भुईकोट किल्ला आहे, त्याच्याभोवती पाण्याचा खंदक आहे. हे शहर दहाव्या शतकात तिसऱ्या कृष्णाच्या काळात भरभराटीला आलं होतं. उदगीरचा किल्ला १७६०च्या लढाईमुळे मराठ्यांच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. पलीकडे औसा तालुक्यात खरोश्याची लेणी आहेत. लातुरात १९१७ साली वसवलेली गंजगोलाई आहे, जिच्या वर्तुळातून १६ रस्ते फुटतात आणि प्रत्येक रस्त्याला आपापला बाजार आहे. नगररचनेचा असा धडा महाराष्ट्रात क्वचित सापडेल. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, माहूरची रेणुका आणि मार्गशीर्षात भरणारी माळेगावच्या खंडोबाची यात्रा तर अजून मोजलीच नाही. माहूर आणि सहस्रकुंड लांबचे आहेत, ते सोडून देऊ. बाकीच्यांपैकी एखादं ठिकाण निवडलं, सकाळची एस.टी. धरली, तर मुक्कामाला घरी परत येता येतं. तेव्हा बघण्यासारखं काही नाही हे म्हणणं इथेच संपावं.

ते संपत नाही, कारण बोलणाऱ्यांना बघण्याच्या वस्तूंबद्दल तक्रार नसतेच. त्यांना म्हणायचं असतं, तिथे गेलं तरी दिवस काढता येत नाही. हे मात्र खरं आहे. पण दिवस का काढता येत नाही, याचं उत्तर शोधताना मोठ्या प्रकल्पाचं वाक्य मध्ये येतं आणि सगळी चर्चा भलत्या वाटेला लागते. सिंधुदुर्गात नापण्याच्या धबधब्यावर २०२५ मध्ये काचेचा पूल झाला, मग आम्हालाही पूल हवा. गुजरातेत १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला, मग आम्हालाही पुतळा हवा, उंची नंतर ठरवू. अशा मागण्यांना निधी मिळाला नाही तरी त्यांची लहान भावंडं जन्माला येतातच. जिल्हा नियोजन समितीकडून एखाद्या ठिकाणाला ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळतो आणि पाठोपाठ कामं निघतात: प्रवेशाची कमान, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, सभामंडप. ही कामं वाईट नाहीत. पण निवड अशीच का होते, ते बघायला हवं. कमानीचं अंदाजपत्रक करता येतं, मोजमाप पुस्तिकेत तिची नोंद होते, बिल निघतं, फीत कापता येते आणि वर नाव कोरता येतं. स्वच्छतागृह रोज कोणीतरी धुवावं लागतं. रोज धुण्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून ते काम कोणाच्याच यादीत वर येत नाही. बांधलेलं स्वच्छतागृह कुलूप लावून ठेवलेलं असणं हे आपल्या पर्यटनस्थळांचं जवळपास ओळखचिन्ह झालं आहे.

परदेश पाहून आलेली माणसं या गोंधळात भर घालतात. दिवाळी अंकांतली इंग्लंडची प्रवासवर्णनं काढून पाहा. तळी, किल्ले, कवींची घरं, हिरवी कुरणं यांवर पानंच्या पानं असतात. दोन परिच्छेदांच्या सांध्यात एक वाक्य निसटून गेलेलं असतं, की मग आम्ही शेजारच्या टी-रूममध्ये चहा घेतला. माझं म्हणणं असं, की त्या सगळ्या लेखाचं मर्म या एका वाक्यात असतं. इंग्लंडच्या एखाद्या परगण्यात मध्यमवर्गीय कुटुंब रविवारी बाहेर पडतं, तेव्हा ते जगातलं आश्चर्य बघायला निघालेलं नसतं. एक जुनी गढी किंवा बाग असते, तिच्या उघडण्याच्या वेळा पाटीवर असतात आणि त्या वेळी ती उघडी असते. शेजारी चहा-केक मिळणारी खोली असते, तिथे म्हातारं माणूस तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही. गावात पब असतो, त्यात दुपारी मुलांसाठी वेगळं जेवण असतं. स्वच्छतागृह असतं. शेतांमधून जाणारी पायवाट असते आणि तिच्यावरून चालण्याचा हक्क कायद्याने राखलेला असतो. १९४९च्या कायद्याने तिथे पायवाटांची अधिकृत नोंद सुरू झाली आणि त्याच कायद्याखाली १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. जुन्या वास्तू सांभाळणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ सालची. आज तिच्या टी-रूम तिच्या किल्ल्यांइतक्याच प्रसिद्ध आहेत आणि त्यांचं उत्पन्न वास्तूंच्या देखभालीला लागतं. २०११च्या कायद्याने तर गावकऱ्यांना आपला पब ‘समाजाची मालमत्ता’ म्हणून नोंदवून घेण्याची सोय दिली. तो विकायला निघाला तर गावाला पैसे उभे करायला मुदत मिळते. बसायची जागा कायद्याने जपण्याइतकी मोलाची असते, ही कल्पना आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत आलीच नाही. परत आलेला माणूस किल्ला सांगतो, बाकडं सांगत नाही.

याचा अर्थ तिकडे सगळं आलबेल आहे असा नाही. तिथलेही पब बंद पडत आहेत, खेड्यांच्या बस तुटत आहेत, चहा-केकचं बिल पाहून आपल्या माणसाला घाम फुटेल. प्रश्न फक्त एवढाच, की अनुकरण करायचंच तर कशाचं. आणि इथे एक आक्षेप ताबडतोब येईल: म्हणजे तुम्हाला मुखेडात पब हवेत? नको आहेत. दारूबद्दल आपल्या गावांचा, विशेषतः बायकांचा राग खरा आहे आणि त्याला कारणं आहेत. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यासाठी उभी बाटली आणि आडवी बाटली या चिन्हांवर मतदान घ्यावं लागतं आणि बायका घरची कामं टाकून आडव्या बाटलीला मत द्यायला येतात, ही या राज्यातली साधी गोष्ट आहे. ज्या बायकांनी रांगेत उभं राहून दुकान बंद केलं, त्यांना पबची थोरवी सांगणं हा उद्धटपणा होईल. पण त्याच वेळी हेही मान्य करू, की दारूसाठी बसायची जागा आपण केली आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून परवान्याची पद्धत आली, तिच्यातून परमिट रूम आल्या आणि त्या आज प्रत्येक तालुक्याच्या हमरस्त्यावर आहेत. काळ्या काचा, दिवसाढवळ्या अंधार आणि बाहेर पाटी: बार अँड फॅमिली रेस्टॉरंट. कुटुंबाला मागच्या जिन्याने वर नेऊन एका कोंदट खोलीत बसवायचं, खाली काय चाललंय ते दिसू नये म्हणून पडदा लावायचा. आपल्या रस्त्यांवर सगळ्यात गुबगुबीत खुर्च्या कुठे असतील तर त्या इथे, आणि तिथे जायला कुटुंब कचरतं. जी जागा सगळ्यांची असायला हवी होती, तिची आपण चोरीची जागा केली.

दारू बाजूला ठेवली तर पबचं काम आपल्याकडे कोण करतं? चहाचं हॉटेल करतं. मुखेडच्या बस स्थानकाबाहेरची, मुक्रमाबादच्या, जांबच्या, नरसीच्या फाट्यावरची हॉटेलं बघा. पहाटे कढई चढते, मिरची-भजे निघतात, पोहे असतात, सुशीला असतो, लातूरच्या बाजूला गाड्यांवर निलंगा राईस असतो. एक वर्तमानपत्र पाच तुकड्यांत पाच जणांकडे फिरत असतं. सोयाबीनचा भाव, मोंढ्यातली आवक, कोणाचं लग्न मोडलं, लेंडी धरणाचं काय झालं, सगळं इथेच ठरतं. एका चहात दोघं अर्धा तास बसतात आणि मालक हूं की चूं करत नाही. संस्था म्हणून यात काहीच उणं नाही. उणं एकच आहे, आणि ते सगळ्यात मोठं आहे: ती फक्त पुरुषांची आहे. कुटुंब जीपने कंधारला निघालेलं असतं, फाट्यावर गाडी थांबते, बाप्ये उतरून बाकड्यावर बसतात आणि बायकांचा चहा गाडीत नेऊन दिला जातो. खिडकीतून आत गेलेला तो कागदी कप म्हणजे आपल्या कौटुंबिक सहलीची हद्द. स्वच्छतागृह नाही म्हणून ती बाई सकाळपासून पाणी कमी पिते, आणि दुपारी दोनलाच ‘चला आता घरी’ म्हणते. मग घरचे म्हणतात, हिला कशाची आवडच नाही. किल्ला चार तासांचा असला तरी सहल दोन तासांची होते, आणि त्याचा दोष किल्ल्यावर जातो.

अलीकडे अमृततुल्यच्या साखळ्या तालुक्यापर्यंत पोचल्या, तेव्हा वाटलं होतं हे बदलेल. काही प्रमाणात बदललंही. दुकान उजेडाचं, भांडी चकचकीत, भाव ठरलेला, आणि बायका तिथे बिचकत नाहीत. पण हा धंदा उभं राहण्यावर चालतो. माणूस जितक्या लवकर कप टाकून जाईल तितका फायदा. त्यामुळे बसण्याचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला, फक्त आता तो फरशीवर उभा आहे.

आमच्याकडच्या बायका हॉटेलात बसतच नाहीत, ती रीतच नाही, असं उत्तर हमखास मिळेल. रीतीच्या नावावर खपवलेल्या किती गोष्टी सोयीअभावी असतात, याचा पुरावा आपल्याच एस.टी.ने दिला आहे. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाली आणि त्यानंतरच्या गाड्या ज्यांनी पाहिल्या त्यांना सांगायला नको. ज्या बायकांना फिरण्याची हौस नाही असं मानलं जात होतं, त्या माहेरी, देवाला, बाजाराला, नुसत्या बहिणीला भेटायलाही निघाल्या. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला होता, आणि म्हातारी माणसं काठी टेकत गाडीत चढू लागली. दुसरा पुरावा लातूरचा. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या शिकवण्यांसाठी आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या मुली ट्यूशन एरियात चहाच्या टपरीवर, राईसच्या गाडीवर घोळक्याने खातात, बोलतात, हसतात. या मुली मुखेड, अहमदपूर, देगलूरच्याच घरांतल्या आहेत. आईने जे कधी केलं नाही ते मुलगी करते, कारण तिथे तिच्यासारख्या शंभर जणी आहेत. हीच मुलगी सुटीत घरी आली की पुन्हा गाडीत बसून चहा पिते. मग रीत कुठे राहिली? ती मुलीत नाही, जागेत आहे.

आपली माणसं मुळात सहलीला जाणाऱ्यांतली नाहीत, हा समजही तपासून बघण्यासारखा आहे. मार्गशीर्षात माळेगावला जा. घोडे, उंट, गाढवं, बैल यांचा बाजार, आकाशपाळणे, तमाशाचे फड, लावणी महोत्सव, कृषी प्रदर्शन, आणि या सगळ्यांमध्ये चुली मांडून बसलेली कुटुंबं. लोहा-कंधार-मुखेडची माणसं तिथे मुक्कामाला येतात. जिल्हा परिषद पाण्याची, दिव्यांची, दवाखान्याची व्यवस्था करते, दरवर्षी तिच्यावर टीकाही होते, पण करते. म्हणजे शेकडो वर्षं चाललेली आपली स्वतःची कौटुंबिक सहल आहे, आणि तिथे कुटुंब दोन-दोन दिवस रमतं, कारण बूड टेकायला जमीन आहे, चूल मांडायला मुभा आहे. नांदेडचं उदाहरण याहून बोलकं आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचं जिथे निर्वाण झालं, तिथे महाराजा रणजितसिंगांनी बांधवलेला गुरुद्वारा आहे. तिथे पंजाबातून माणसं येतात ती श्रद्धेने. पण नांदेड-लातूरकडची हिंदू, मुसलमान, बौद्ध कुटुंबंही मुलाबाळांना घेऊन तिथे दिवस काढतात, याला श्रद्धा एवढंच कारण पुरत नाही. लंगरमध्ये पंगतीला बसताना कोणी जात विचारत नाही, पैसे विचारत नाही, बाई एकटी आहे का तेही विचारत नाही. पाणी आहे, सावली आहे, संडास धुतलेले आहेत, रात्र झाली तर यात्री निवास आहे. २००८च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने शहरात रस्ते, घाट, विमानतळ असं बरंच झालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून लंगर होता आणि माणसं टेकत होती. कोणी म्हणेल, ही धर्माची ताकद, तिची बरोबरी चहाच्या टपरीशी कशाला. होट्टलातही महादेवच आहे. कंधारलाही दर्गा आहे आणि त्याचा उरूस भरतो. श्रद्धा माणसाला दारापर्यंत आणते. पुढचे तीन तास तो तिथे थांबतो की नाही, हे सावली आणि पाणी ठरवतं.

सगळ्यात जड आक्षेप आता येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून, वाड्यांवरून माणसं ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये याच तालुक्यात एका रात्रीत पाणी चढलं, हसनाळसारख्या गावांत जीव गेले, जनावरं वाहून गेली, लष्कर बोलवावं लागलं. अशा तालुक्यात चहा कुठे बसून प्यावा याची चर्चा म्हणजे चोचले, असं कोणी म्हणालं तर त्याचं तोंड धरता येणार नाही. पण हा आक्षेप मोठ्या प्रकल्पांना जास्त लागू पडतो, हे लक्षात घ्यावं. करोडोंचा पूल मागणाऱ्याला पुनर्वसनाची आठवण करून द्या, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. मी मागतो आहे ते एका कमानीच्या पैशात पाच ठिकाणी होण्यासारखं आहे. आणि दुसरं असं, की करमणूक ही पोट भरलेल्यांचीच गरज, हे आपण कधी ठरवलं? सहा महिने उसाच्या फडात राबून परत आलेल्या कुटुंबाला उन्हाळ्यात एक दिवस मुलांना घेऊन कुठेतरी जावंसं वाटतं. वॉटर पार्कचं तिकीट त्याला परवडत नाही. निम्म्या तिकिटाची एस.टी., फुकटचा किल्ला आणि दहा रुपयांचा चहा परवडतो. गरीब तालुक्याची सहल स्वस्तच असायला हवी, आणि स्वस्त सहलीला महागड्या आकर्षणापेक्षा साधी सोय जास्त लागते. श्रीमंत माणूस आपली सावली, पाणी आणि संडास एसी गाडीतून आणि हॉटेलच्या खोलीतून बरोबर नेतो.

पुरातत्त्ववाल्यांची भीती वेगळी आहे. गर्दी वाढली की टपऱ्या वाढतील, तेलाची कढई नक्षीदार खांबाला टेकेल. ही भीती रास्त आहे, आपल्याकडे असं झालेलं आहे. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, असा २०१० पासूनचा कायदा आहे, आणि राज्याच्या स्मारकांनाही अशीच शिस्त लावावी. चहाची जागा देवळाच्या ओट्यावर नकोच. ती गावात हवी, बस थांब्याजवळ, म्हणजे देवळापर्यंत चालत जाणं होईल, आणि चालत जाताना गावाचा आणखी एखादा रुपया खपेल. होट्टल महोत्सवात दोन-तीन दिवस गाणं-नाचणं होतं, मान्यवर येतात, छायाचित्रं छापून येतात, मग मंडप उठतो. त्या मंडपाचा खर्च वाया जातो असं मी म्हणत नाही. पण वर्षाच्या उरलेल्या ३६० दिवसांत जे दहा-पंधरा लोक रोज येऊ शकतात, त्यांचा विचार कुठल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर असतो?

मग ही चहाची जागा चालवणार कोण? सरकार चालवणार असेल तर कुलूप ठरलेलंच. खाजगी माणूस चालवेल तर बाकड्यांच्या जागी उभं राहायचं टेबल येईल. इथे एक तयार हात आहे आणि त्याचा विचार फार कमी होतो. गावोगाव महिला बचत गट आहेत. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या प्रदर्शनांत त्यांतल्या बायका शेंगदाण्याची चटणी, पापड, ज्वारीची भाकरी विकतात. बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला, कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ही तिन्ही वाणं लातूर जिल्ह्यातलीच आहेत. मानांकनाचं वरण-भाकर कुठे खायला मिळतं म्हणून कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. किल्ल्याच्या वाटेवरच्या चार बाकड्यांची, एका धुतलेल्या संडासाची आणि दोन चुलींची जागा अशा गटाला भाड्याने दिली, तर संडास धुण्यात त्यांचा स्वतःचा फायदा राहील, कारण तो धुतला नाही तर गिऱ्हाईक बसणार नाही. हॉटेल बाईचं असलं की दुसऱ्या बाईला आत शिरताना विचार करावा लागत नाही. पडदा लावलेल्या फॅमिली रूमची गरजच उरत नाही. गट भांडतील, बंद पडतील, काही ठिकाणी सरपंचाचा मेव्हणाच गट चालवील, हे सगळं होईल. दहातले चार टिकले तरी कमानींपेक्षा हिशेब बरा आहे. जिल्हा नियोजन समितीने येत्या आराखड्यात कंधार, होट्टल आणि मुखेडचं दशरथेश्वर एवढी तीनच ठिकाणं घ्यावीत, बांधकामाची तरतूद कमी करून देखभालीची वाढवावी, उघडण्याच्या वेळा आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ यांची एक पाटी लावावी, आणि तीन वर्षांनी एवढंच मोजावं की आलेलं कुटुंब तिथे किती वेळ थांबतं. पुलाची मागणी त्यानंतर करावी.